विश्लेषण : एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स… ‘ड्युअल बूट’मुळे खासगी माहिती खरोखर सुरक्षित राहते का?

कुंडलिका नदीच्या एका काठावर जुना जालना आणि दुसऱ्या काठावर नवा जालना, ही शहराची जुनीच विभागणी. रेल्वे स्थानक, कचेरी रोड, गांधी चमन हा सगळा भाग जुन्या जालन्यातला. तालुक्याच्या गावांहून कामासाठी आलेला माणूस इथे झेरॉक्स आणि ‘ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी असलेल्या दुकानाची पायरी चढतोच. आधार कार्ड, सातबारा, बँक पासबुकाचे पहिले पान, मुलांचे जातीचे दाखले हे सारे तिथल्या संगणकावर स्कॅन होते. यातील अनेक संगणक जुने आहेत आणि त्यांवर विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नियमित सुरक्षा अपडेट थांबवले. नवा संगणक घेणे परवडत नाही आणि विंडोज सोडले तर टॅली चालत नाही, या अडचणीवर ‘ड्युअल बूट’ म्हणजे विंडोजशेजारी लिनक्स बसवणे हा उपाय सुचवला जातो. त्याने नेमके काय साधते, काय साधत नाही आणि तो कसा करावा, याविषयी.

ड्युअल बूट म्हणजे काय?

संगणक सुरू झाल्यावर तो चालवणारी मूळ प्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. एकाच संगणकावर अशा दोन प्रणाली बसवणे आणि सुरू करताना त्यातील एक निवडणे म्हणजे ड्युअल बूट. बटण दाबल्यावर काही सेकंद पडद्यावर यादी दिसते. त्यातून विंडोज किंवा लिनक्स निवडायचे. एका वेळी एकच प्रणाली चालते. दुसरीकडे जायचे तर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो.

लिनक्सचा गाभा फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जाहीर केला. त्याचा सोर्स कोड कोणालाही पाहता, तपासता आणि बदलता येतो. या गाभ्यावर उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा, डेबियन अशा अनेक आवृत्त्या तयार झाल्या आणि त्या मोफत मिळतात. भारतात सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्स आवृत्ती तयार केली आहे. केरळमधील सरकारी शाळांत अनेक वर्षांपासून लिनक्सवरच संगणक शिकवला जातो. त्यामुळे ‘लिनक्स फक्त इंजिनीअर लोकांसाठी’ हा समज आता जुना झाला आहे.

विंडोज १० तसेच चालू ठेवले तर काय बिघडते?

अपडेट थांबले म्हणून संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच चालतो आणि त्यामुळेच धोका लक्षात येत नाही. प्रणालीतील नवी त्रुटी उघड झाली की ती बुजवणारे अपडेट येते. ते येणेच थांबले तर त्रुटी कायमची उघडी राहते. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसचा अनुभव बोलका आहे. त्याने ज्या त्रुटीतून शिरकाव केला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, त्यांच्या फाइल कुलूपबंद झाल्या.

विंडोज ११वर जाण्याचा मार्ग सगळ्यांना खुला नाही. त्यासाठी संगणकात ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. २०१७ च्या आधीचे बहुतेक संगणक या निकषात बसत नाहीत. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची सोय जाहीर केली. मात्र ती घेण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग इन करावे लागते आणि मोफत हवी असेल तर एका पर्यायात संगणकाची सेटिंग त्या खात्याशी जोडावी लागतात. म्हणजे सुरक्षिततेच्या बदल्यात ओळख द्यावी लागते. खासगीपणाचा प्रश्न इथेच सुरू होतो.

विंडोज नेमकी कोणती माहिती बाहेर पाठवते?

विंडोज आपल्या कामकाजाची माहिती कंपनीकडे पाठवते. तिचे ‘आवश्यक’ आणि ‘ऐच्छिक’ असे दोन भाग आहेत. ऐच्छिक भाग सेटिंगमधून बंद करता येतो. होम आणि प्रो आवृत्तीत आवश्यक भाग नेहमीच्या सेटिंगमधून पूर्ण बंद करता येत नाही. जाहिरातींसाठी प्रत्येक वापरकर्त्याला एक ओळख क्रमांक दिला जातो. तो मात्र बंद करता येतो.

दुकानदाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट वनड्राइव्ह ही आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक सुरू केला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या तीन फोल्डरची प्रत कंपनीच्या सर्व्हरवर जाण्याची सोय चालू झालेली असू शकते. गिऱ्हाइकाचे आधार कार्ड स्कॅन करून डेस्कटॉपवर ठेवले आणि त्याची प्रत इंटरनेटवर गेली, हे दुकानदाराच्या ध्यानातही येत नाही. घड्याळाजवळ निळा किंवा पांढरा ढग दिसत असेल तर आधी ते सेटिंग तपासावे.

मे २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘रिकॉल’ सुविधेवरही मोठी टीका झाली. पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींची ही सुविधा दर काही सेकंदांनी चित्रे टिपून ठेवते. टीकेनंतर ती लांबणीवर पडली आणि एप्रिल २०२५ मध्ये, वापरकर्त्याने स्वतः चालू केली तरच सुरू होईल अशा रूपात आली. ती फक्त ‘कोपायलट प्लस’ वर्गातील नव्या संगणकांसाठी आहे. त्यामुळे जुन्या विंडोज १० संगणकांना तिची भीती बाळगण्याचे कारण नाही.

मग लिनक्स पूर्ण खासगी आहे का?

बऱ्याच अंशी, पण सरसकट नाही. लिनक्स मिंटसारख्या आवृत्तीला सुरू होण्यासाठी कोणत्याही कंपनीचे खाते लागत नाही आणि ती वापराची माहिती गोळा करत नाही. उबुंटूने मात्र २०१२ मध्ये संगणकातल्या शोधपेटीत टाइप केलेले शब्द ॲमेझॉनच्या वस्तू दाखवण्यासाठी बाहेर पाठवायला सुरुवात केली होती. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी त्यावर कडक टीका केली आणि २०१६ च्या आवृत्तीपासून ती सोय मुळात बंद ठेवण्यात आली. कोड उघडा असला की अशी गोष्ट लपून राहत नाही, हा त्यातला धडा.

लिनक्सने काय बदलत नाही, हेही समजून घ्यायला हवे. ब्राउझरमध्ये तेच गुगल खाते उघडले तर गुगलला तीच माहिती मिळते. इंटरनेट कंपनीला दिसणारा पत्ता तोच राहतो. गिऱ्हाइकाने कागदपत्रे दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवली, तर ती मोबाइलमध्ये आणि चॅटमध्ये राहतातच. संगणक कितीही पक्का केला तरी ही गळती वेगळी बंद करावी लागते.

दोन प्रणालींमध्ये भिंत असते का?

ड्युअल बूटविषयीचा सर्वात मोठा गैरसमज इथे आहे. दोन प्रणाली म्हणजे दोन वेगळी घरे, असे वाटते. प्रत्यक्षात ते एकाच घराचे दोन भाडेकरू असतात आणि मधल्या दाराला कडी नसते. लिनक्स सुरू केले की विंडोजच्या फाइल सहज उघडता येतात. विंडोजला लिनक्सचा भाग सहसा दिसत नाही. पण तो भाग त्याच डिस्कवर असतो. विंडोजमध्ये शिरलेल्या आणि पूर्ण अधिकार मिळवलेल्या व्हायरसला तो पुसता येतो, वाचताही येतो. संगणक चोरीला गेला किंवा दुरुस्तीला दिला, तर डिस्क काढून दोन्ही बाजूंचे सारे पाहता येते. विंडोजचा पासवर्ड याला अडवत नाही.

कडी लावायची तर एन्क्रिप्शन हवे, म्हणजे पासफ्रेजशिवाय डिस्कवरची माहिती वाचताच येणार नाही अशी व्यवस्था. लिनक्समध्ये ही सोय बसवतानाच मिळते. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे. होम आवृत्तीवर व्हेराक्रिप्ट या मोफत सॉफ्टवेअरने फाइलींसाठी कुलूपबंद तिजोरी करता येते. एन्क्रिप्शन नसलेले ड्युअल बूट खासगीपणाच्या दृष्टीने अर्धवट काम आहे. आणि एन्क्रिप्शन असले तरी व्हायरसला ते पुसण्यापासून रोखता येत नाही. म्हणून बॅकअपला पर्याय नाही.

कोणते काम कोणत्या बाजूला?

बसवण्याआधी वहीत दोन रकाने आखावेत. टॅली, कोरलड्रॉ, पेजमेकर ही विंडोजची कामे. कृतिदेव किंवा श्रीलिपीमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइलींचे कामही तिथेच सोयीचे. आधारसाठी बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांच्या सेवा बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनलेल्या असतात. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे सॉफ्टवेअर लिनक्ससाठी मिळू शकते, पण प्रत्येक सरकारी संकेतस्थळावर ते चालेलच असे नाही. ते आधी पाहून घ्यावे.

दुसऱ्या रकान्यात बँकेचे व्यवहार, ई-मेल, ब्राउझरमध्ये भरायचे अर्ज, स्कॅनिंग, पीडीएफ आणि पत्रलेखन. यासाठी फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस पुरेसे आहेत. युनिकोड मराठी लिनक्समध्ये नीट चालते आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डची मांडणी सोबतच येते. मात्र मराठी टाइपरायटरच्या मांडणीवर हात बसलेल्यांना इनस्क्रिप्टची सवय व्हायला वेळ लागतो.

प्रिंटर ही खरी कसोटी. एचपीच्या बहुतेक प्रिंटरसाठी लिनक्सवर कंपनीचेच सॉफ्टवेअर मिळते. छोट्या दुकानांत फार चालणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर त्रास देतो, कारण त्याचा ‘कॅप्ट’ हा ड्रायव्हर जुना आहे आणि नव्या आवृत्त्यांवर सहजी बसत नाही. दुकान प्रिंटरवरच चालत असेल तर हे आधी तपासले पाहिजे.

आणखी एक व्यवहारी अडचण आहे. दुकानात रांग लागली असताना दर दहा मिनिटांनी संगणक बंद-चालू कोणी करत नाही. मग हळूहळू सगळी कामे पुन्हा विंडोजवर सरकतात आणि लिनक्स नावापुरते उरते. त्यावर उतारा म्हणजे वेळेची वाटणी. दिवसभर लिनक्स आणि टॅलीच्या नोंदींसाठी संध्याकाळी विंडोज. अपडेट बंद झालेले विंडोज १० ठेवायचेच असेल तर ते शक्य तितके इंटरनेटशिवाय वापरावे. ठशांचे यंत्र दिवसभर लागत असेल, तर त्या दुकानाला ड्युअल बूटपेक्षा दोन संगणक परवडतात. एक नवा, विंडोज ११चा आणि दुसरा जुना, फक्त लिनक्सचा.

तयारी कशी करावी?

पहिले काम बॅकअपचे. टॅलीचा डेटा, फोटो, कागदपत्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावीत आणि ती डिस्क काढून ठेवावी. त्यातली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न तपासलेला बॅकअप ऐन वेळी दगा देतो.

दुसरे, विंडोजची डिस्क आधीच एन्क्रिप्ट आहे का हे पाहावे. बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी. संगणकाच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये बदल झाला की विंडोज ही की मागू शकते. ती नसेल तर स्वतःच्याच फाइल बंद होतात.

तिसरे, कंट्रोल पॅनलमधील पॉवर पर्यायांत ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून ती डिस्क हाताळल्यास फाइल खराब होण्याचा धोका असतो.

चौथे, लिनक्स मिंटची फाइल त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तिथे दिलेल्या ‘चेकसम’शी पडताळावी. २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी होऊन काही काळ बनावट आवृत्तीची लिंक दिली गेली होती. त्यामुळे ही पायरी ऐच्छिक समजू नये. त्यानंतर रुफस किंवा बलेना एचर या सॉफ्टवेअरने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती उतरवावी. त्या पेन ड्राइव्हवर आधी असलेले सर्व पुसले जाते.

बसवण्याची सुरक्षित पद्धत कोणती?

पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला की काहीही न बसवता लिनक्स वापरून पाहता येते. वाय-फाय, आवाज, स्कॅनर, प्रिंटर आणि मराठी टायपिंग इथेच तपासावे. जमले नाही तर पेन ड्राइव्ह काढून घ्यावा. विंडोज होते तसेच राहते. मिंटसाठी किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असल्यास सोयीचे. डिस्कवर किमान २० जीबी जागा लागते, पण रोजच्या कामासाठी १०० जीबी ठेवावी.

एकच डिस्क असेल तर विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून जागा मोकळी करून ‘विंडोजशेजारी बसवा’ हा पर्याय घेता येतो. मात्र मिंटमध्ये या सोप्या पर्यायात संपूर्ण एन्क्रिप्शन मिळत नाही. ते ‘डिस्क पुसून बसवा’ या पर्यायाबरोबर मिळते.

त्यामुळे दुसरी एसएसडी बसवणे हा अधिक चांगला मार्ग. दुकानातल्या डेस्कटॉपमध्ये त्यासाठी बहुधा जागा असते. संगणक बंद करून, प्लग काढून विंडोजच्या डिस्कची वायर सोडवावी. फक्त नवी डिस्क जोडून तिच्यावर एन्क्रिप्शनसह लिनक्स बसवावे. मग जुनी डिस्क पुन्हा जोडावी. या पद्धतीत चुकून विंडोज पुसले जाण्याची शक्यताच राहत नाही. सुरू करताना एफ १२, एफ ८ किंवा एस्केप, जी कळ त्या संगणकाला लागू असेल ती दाबून डिस्क निवडायची. एन्क्रिप्शनची पासफ्रेज लांब ठेवावी आणि घरात सुरक्षित जागी लिहून ठेवावी. ती हरवली तर कोणताही दुरुस्तीवाला माहिती परत मिळवून देऊ शकत नाही.

नंतर कोणत्या अडचणी येतात?

लिनक्स वापरून विंडोजवर परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकते. संगणक बिघडलेला नसतो. लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते आणि विंडोज तीच वेळ भारतीय वेळ समजते. लिनक्समध्ये स्थानिक वेळ ठेवण्याचे सेटिंग एकदा केले की हा घोळ मिटतो. टॅलीच्या नोंदींची तारीख चुकू नये म्हणून ते पहिल्याच दिवशी करावे.

दुसरी अडचण विंडोजच्या अपडेटमधून येऊ शकते. ऑगस्ट २०२४ मधील एका अपडेटनंतर ‘सिक्युअर बूट’ चालू असलेल्या अनेक ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स सुरूच होईना. त्यावरची कायमची दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली. अशा वेळी लिनक्सचा पेन ड्राइव्ह हाताशी असेल तर अडून राहावे लागत नाही. म्हणून तो पुसून सिनेमे भरायला वापरू नये.

दुकानदाराची जबाबदारी किती?

मे २०२२ मध्ये ‘यूआयडीएआय’च्या बेंगळूरु कार्यालयाने एक सूचना काढली होती. आधारची प्रत सरसकट देऊ नये आणि सायबर कॅफेसारख्या ठिकाणी ई-आधार डाउनलोड केल्यास त्याच्या सर्व प्रती कायमच्या पुसाव्यात, असे तीत म्हटले होते. गैरसमज होईल या कारणाने ती दोन दिवसांत मागे घेण्यात आली. पण फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारे ‘मास्क्ड’ आधार आजही उपलब्ध आहे आणि जिथे पूर्ण क्रमांक लागत नाही तिथे तेच द्यावे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही कमाल मर्यादा बड्या कंपन्यांना डोळ्यांसमोर ठेवून असली, तरी काम झाले की माहिती पुसावी, हे तत्त्व छोट्या दुकानालाही लागू पडते.

त्यामुळे ड्युअल बूटच्या जोडीला एक साधी शिस्त हवी. गिऱ्हाइकांच्या फाइलींसाठी लिनक्सच्या एन्क्रिप्टेड डिस्कवर एकच फोल्डर ठेवावे. अर्ज भरून पावती दिली की त्यातील फाइल पुसाव्यात. दुकान बंद करताना ते फोल्डर, डाउनलोड आणि कचरापेटी रिकामी आहे का हे पाहावे. मोबाइलवरील चॅटही त्याच वेळी साफ करावेत. हे झाले नाही तर लिनक्स बसवूनही गिऱ्हाइकाचे आधार कार्ड तिथेच पडून राहील, फक्त डिस्क बदललेली असेल.

भंगारातून पोलादी सळ्या तयार करणाऱ्या जालन्याला जुन्या वस्तूची किंमत सांगावी लागत नाही. विंडोज ११ला नको असलेला संगणक एका एसएसडीच्या खर्चात आणखी काही वर्षे चालू शकतो. तो कोणाची माहिती किती काळ सांभाळून ठेवतो, हे मात्र कोणतीही प्रणाली ठरवत नाही. ते रोज संध्याकाळी शटर ओढणाऱ्याच्या हातात असते.